तिसऱ्या गाण्यानंतरच्या शिट्ट्या

विनूच्या पन्नाशीचा केक आणायला म्हणून मी निघाले आणि घरी घेऊन आले एक जुनी रेकॉर्ड. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, आमच्या बेकरीला लागूनच जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान आहे. दारातल्या खोक्यात ती सगळ्यात वर ठेवलेली होती, ‘पेपर लाइटहाउस’. द ट्विन मीटर्स नावाच्या तीन इंग्लिश पोरांचा अल्बम. गिटार नाही, ड्रम नाही, सगळा कारभार सिंथेसायझरवर. कव्हरवरचा निळा दीपस्तंभ बघितला आणि मी ती उचललीच. केक अर्थातच राहिला.

तीच रेकॉर्ड का, ते सांगते. शहाऐंशी साली नागपूरला आमच्या शेजारच्या हिमानीताईंच्या भावाने ती लंडनहून आणली होती. एका दिवसापुरती ती आमच्याकडे आली, प्लेअरसकट. जोडायला वायर नव्हती, म्हणून माझ्या धाकट्या भावाने, विनूने, टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवला आणि हुकूम सोडला, कुणी बोलायचं नाही. मी नाही बोलले. पण आईला कोण सांगणार? तिसरं गाणं संपतं तिथे कुकरच्या तीन शिट्ट्या, आणि मग आई, “विनू, गॅस बंद कर रे.” दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी दाराची बेल, आणि पुन्हा आई, “शुभे, दार उघड, बाबा आले.” आम्हा दोघांना तो अल्बम तसाच पाठ होता, शिट्ट्यांसकट.

ती कॅसेट मी पुसली. कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या नाचाचं गाणं तिच्यावर टेप केलं, दोन्ही बाजूंना. दोन वर्षांनी आई गेली, तिच्यामागोमाग बाबा. आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. विनू मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर फार बरं झालं असतं. तीस वर्षं तो हसतो, जेवतो, माझी थट्टा करतो, आणि त्याच्याकडे बघितलं की मला ती कॅसेट आठवते. आवाज तर आता परत देता येणार नव्हता. निदान गाणी द्यावीत, एवढंच मनात होतं.

रविवारी दुपारी तो त्याच्या गावाहून, नोव्हायहून, ड्राइव्ह करत आला. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

“ताई, केक कुठाय?”

“हा घे.”

त्याने कव्हर हातात घेतलं आणि दीपस्तंभावरून अंगठा फिरवला. माझ्या लेकीने, केयाने, तिच्या प्लेअरवर रेकॉर्ड लावली. पहिल्या गाण्याला विनू पोट सांभाळत नाचला. दुसऱ्याला मीही. तिसरं संपलं, आणि शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी.

“केया, कुकर लावलायस?”

“व्हॉट कुकर, मामा?”

आमच्याकडे कुकर नाहीच. विजेवरचा इन्स्टंट पॉट आहे, तो नुसता टीं टीं करतो.

“विनू, गॅस बंद कर रे.”

विनू मट्‌कन सोफ्यावर बसला. मला रडू आलं, त्यालाही. जरा वेळाने तो म्हणाला, “परत लाव.”

केयाने सुई मागे ठेवली. या वेळी शिट्ट्या चार झाल्या.

“विनू, गॅस बंद कर म्हणतेय ना.”

आम्ही दोघं रडता रडता हसायला लागलो. अगदी हाच सूर लागायचा तिचा, दुसऱ्यांदा सांगताना. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण तीस वर्षांची भूक होती, यार, असं विनू नंतर म्हणाला. आम्ही तिसऱ्यांदा लावली.

पाच शिट्ट्या. आणि आवाज आता जवळून आला.

“किती वेळा सांगायचं? डाळ करपतेय.”

खोलीत तुरीची डाळ करपल्याचा वास पसरला. हसणं आपोआप थांबलं. केयाने कुणी न सांगता सुई उचलली आणि प्लेअर बंद केला. रेकॉर्ड फिरायची थांबली.

शिट्ट्या थांबल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरातून येत होत्या...

“ताई... तुझ्याकडे गॅस आहे?”

“नाही रे... विजेची शेगडी आहे...”

बंद पडलेल्या स्पीकरमधून आई म्हणाली, “राहू दे. मीच येते.”

मग एकदम शांत झालं. शेवटी तिघंही एकमेकांना धरून आत गेलो. शेगडी गार होती, सिंक कोरडं. ओट्यावर कुकरची शिट्टी होती, जुन्या पद्धतीची, वजनदार. केयाने ती बोटांनी उचलली आणि चटका बसून लगेच टाकली.

“मॉम, व्हॉट इज धिस?”

बिचारीने कुकरची शिट्टी जन्मात बघितली नव्हती. विनूने डोळे पुसले. “पन्नासाव्या वर्षी ओरडा खाल्ला,” तो म्हणाला. मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, “त्या कॅसेटचं आता विसर, ताई.” मी त्या दिवशी तीन वेळा जेवले असेन. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शिट्टी चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. आज आठ दिवस झाले, अजून गार झालेली नाही. रेकॉर्ड कव्हरात आहे. दुसरी बाजू आम्ही लावलीच नाही. ती शनिवारी विनू आल्यावर लावायची असं ठरलंय. केया म्हणते, प्लीज डोन्ट. पण आम्ही भावंडं हट्टी.

आमच्या दाराची बेल दोन वर्षं बंद आहे. शनिवारपर्यंत चालू असलेली बरी, असं वाटलं, म्हणून आज दुपारी बॅटरी आणायला निघाले. कोट चढवला, एका पायात बूट घातला, आणि बेल वाजली.

मी तशीच उभी राहिले. मागे स्वयंपाकघरात ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला.

“शुभे...”

दुसऱ्यांदा सांगायची वेळ तिच्यावर येऊ नये, म्हणून मी एका बुटानिशीच दाराकडे निघाले.