हिरवी चुंबळ

माणूस डोंगर कुठल्या वाटेनं चढायचं ठरवतो, यावरून मी त्याच्या जेवणाचा अंदाज बांधतो. मारांगूची वाट निवडणाऱ्याला झोपायला खाट आणि नाश्त्याला अंडं लागतं. त्या वाटेला आमच्यात कोकाकोला म्हणतात. लेमोशोवाल्याकडे रजा भरपूर असते, तो चवीनं खातो. उम्ब्वेवाला घरी भांडून आलेला असतो, त्याला काहीही वाढा. आणि माचामे म्हणजे व्हिस्की. ती निवडणारा आधी बढाई मारतो आणि तिसऱ्या दिवशी नुसती लापशी मागतो.

नैरोबीच्या वकीलबाई वांगेची यांनी व्हिस्की मागितली.

डोंगराच्या पायथ्याशी, मोशीतल्या लॉजच्या अंगणात नकाशा पसरला होता. आमचा मुख्य वाटाड्या अमिनिएल त्यांना लेमोशोचं वर्णन करून सांगत होता. बोलता बोलता त्यानं चहाचा कप नकाशावर ठेवला, तो नेमका माचामेवर. त्याच्या हाताखाली मी स्वयंपाकी म्हणून नुकताच आलो होतो, पण एवढं ध्यानात आलं होतं की हा कप दर वेळी तिथंच टेकतो.

वांगेचीबाईंनी कप उचलून बाजूला ठेवला. "ही कुठली वाट?"

"चिखल फार असतो हो तिकडं."

"मी कोर्टात वीस वर्षं काढलीत. चिखलाचं मला सांगू नका."

"बाई, तुम्ही केनियाची माणसं सगळं घाईत करता," मी म्हटलं. "स्वाहिलीसुद्धा. ऐकलं की वाटतं कुणी भांडी आपटतंय."

"आणि तुम्ही बोलायला लागलात की वाटतं झोप लागली. माचामे. ठरलं."

अमिनिएलनं नकाशाची घडी घातली. कपाचा गोल डाग घडीच्या आत गेला.

माचामे गावात, वर जायच्या रस्त्यालगत, एक बाई केळी विकते. आमच्याकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. ती शेदराकीची आई. पण शेदराकी अमिनिएलच्या हाताखाली हमाल होता, आणि गेल्या वर्षी चढायला आलेल्या पाहुण्याची लाल बॅग घेऊन डोंगरावरूनच पळाला. तेव्हापासून गाव तिला केळीवाली म्हणतं. मीही त्याच गावचा. चोराचं नाव उगाच तोंडात कशाला, म्हणून मीही केळीवालीच म्हणत होतो.

आमची गाडी थांबली तेव्हा ती दारात बांधलेल्या बकरीला शिव्या देत होती. "हिला सोडलं नाही तरी परसातलं केळीचं पान रोज एक कापलं जातंय. कुंपणाच्या इसालेची पानंही कुणीतरी तोडतंय."

"बकरीला सुरी दिलीस की काय?" मी म्हटलं.

ती हसली. मग तिला गाडीत अमिनिएल दिसला आणि ती पदर सावरून पुढं आली. घरातला सगळ्यांत मोठा घड तिनं त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुमचं मन मोठं," ती म्हणाली. "मी विसरले नाही."

अमिनिएल मान खाली घालून केळी न्याहाळत राहिला. गाडी वळली तरी त्यानं घड मांडीवरून उतरवला नाही.

"कसलं मोठं मन?" वांगेचीबाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. इसालेच्या पानाला गाठ मारून ते कुणापुढं धरलं, की त्याला माफी नाकारता येत नाही. खून पडलेली घरंसुद्धा त्या पानानं एकमेकांशी बोलायला लागलेली आहेत. मुलानं चोरी केली म्हणून ती बाई गाठ मारलेलं पान घेऊन अमिनिएलच्या दारात उभी राहिली होती.

"आणि यांनी?"

"घेतलं. घ्यावंच लागतं."

अमिनिएल खिडकीबाहेर बघत होता.

पहिला मुक्काम जंगल संपतं तिथं. सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर अमिनिएलच्या तंबूच्या तोंडाशी इसालेचं पान पडलेलं. लांब, ताजं, मधोमध गाठ. मला वाटलं, पोरांपैकी कुणीतरी साखर लांबवली असेल आणि आता लाज वाटतेय. मी ते उष्ट्याच्या खड्ड्यात टाकलं आणि साखर पाहिली. साखर भरलेली होती.

दुसरा मुक्काम उघड्या पठारावर. तिथं झुडपंही गुडघ्याएवढी, सगळी करडी. जेवायला बसताना अमिनिएलनं ताटली उचलली आणि खाली पान निघालं. गाठ मारलेलं. देठाच्या कापातून अजून पाणी येत होतं.

"कुणी रे माफी मागतंय?" मी हमालांना विचारलं. "तोंडानं मागा की. कुंपण का उपटताय?"

कुणी हसलं नाही. एक जण हळूच म्हणाला, "इथं इसाले कुठली आणणार, एलिफासीभाऊ? काल खाली एकही माणूस गेला नाही."

अमिनिएलनं पान खिशात घातलं. ताटातलं तसंच ठेवलं. माझ्या हातचं त्यानं टाकलेलं ते पहिलं ताट.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. चालताना पुढच्याची टाच दिसेल तेवढंच. वांगेचीबाई दोनदा थांबून माझ्याकडं वळल्या.

"काका, मागचा तुमचा माणूस दमलाय. त्याला पुढं घ्या ना."

"मागं कुणी नाही बाई. पोरं केव्हाच पुढं गेली."

"आहे ना. आपण थांबलो की थांबतो. हातानं कपाळ दाबून धरतो, डोकं दुखत असावं." त्यांनी धुक्याकडं हात केला. "लाल बॅगवाला."

आमच्यात लाल बॅग कुणाकडेच नव्हती. मी मागं पाहिलं. पांढऱ्याशिवाय काही दिसलं नाही. पण केळीचं पान पिळून केलेली चुंबळ डोक्यावर ओझ्याखाली कुरकुरते, तो आवाज मला आला. मी हमालांत हयात घालवली आहे. तो आवाज दुसऱ्या कशाचा नसतो.

"चला," अमिनिएल म्हणाला. त्यानं मागं वळून पाहिलं नव्हतं. "थांबू नका. चला."

मुक्कामाला पोचल्यावर तो माझ्या स्टोव्हपाशी येऊन बसला. बाहेर अजून उजेड होता.

"तो पळाला नव्हता," तो म्हणाला.

मी कांदा चिरत राहिलो.

"त्याचं डोकं दुखत होतं. उलट्या होत होत्या. सोबत द्यायला माणूस नव्हता, म्हणजे दिला असता तर शिखराला कमी पडला असता. एक पाहुणा आदल्या दिवशी परत गेला होता, त्याची बॅग उरली होती. मी म्हटलं, जातोच आहेस तर ही पण ने."

"आजारी माणसाच्या डोक्यावर?"

"एक खेप वाचत होती."

"मग?"

"धुकं होतं. तो खाली पोचलाच नाही. विचारायला लागले तेव्हा मी म्हटलं, पळाला असेल. मी 'असेल' म्हटलं होतं, एलिफासी. पुढचं लोकांनी केलं."

"आणि पान?"

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबले. "ती समोर उभी होती. सगळी गल्ली बघत होती. मी घेतलं."

मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. मी कांद्याकडं बघत राहिलो. पहिलं पान आपण खड्ड्यात टाकलं, हे मला तेव्हा आठवलं. माफी कोण मागतंय ते मला आता कळलं होतं. बॅग पोचवली नाही, म्हणून तो पोरगा मागत होता.

सकाळी अमिनिएलच्या तंबूसमोर लाल बॅग उभी होती.

पट्ट्यांवर हिमाचे दाणे होते. कुलूप जसंच्या तसं. आजूबाजूच्या मातीत पाऊल नव्हतं.

बॅगेवर चुंबळ ठेवलेली होती. केळीच्या पानाची. हिरवीगार.

कुणी पुढं गेलं नाही. अमिनिएल गुडघ्यावर बसला, चुंबळ आपल्या डोक्यावर ठेवली आणि बॅग उचलून तिच्यावर घेतली. मुख्य वाटाड्या ओझं वाहत नाही. पोरं हात लावायला गेली तर त्यानं मान हलवली, तीही जपून.

शिखराचं सांगण्यासारखं काही नाही. वांगेचीबाई पोचल्या, रडल्या, नंतर माझ्याकडे लापशी मागितली. उतरायची वाट वेगळी आहे, माचामे त्या वाटेवर लागत नाही. अमिनिएल खाली येऊन नुसता उभा राहिला तेव्हा बाईच म्हणाल्या, "आता कप ठेवायला नकाशा नाही. गाडीत बसा."

माचामेला पोचलो तेव्हा दुपार होती. ती दारात केळी निवडत होती, बकरी तिच्यापुढंच खुंटाला बांधलेली. अमिनिएलनं बॅग उतरवली. मग कुंपणाची इसाले तोडली, गाठ मारली आणि पान तिच्यापुढं धरलं.

"शेदराकीच्या आई," मी म्हटलं. माझाच आवाज मला लहान वाटला. "शेदराकी पळाला नव्हता."

ती बॅगेकडं बघतच नव्हती. तिनं चुंबळ उचलून हातात फिरवली.

"उलटा पीळ आहे," ती म्हणाली. "डावखुरा ना तो."

मग तिनं चुंबळीच्या खळग्यात बोटं दाबली आणि लुगड्याला पुसली.

"घामानं भिजलीय."

अमिनिएलचा हात तसाच पुढं होता.

"माझ्यापुढं कशाला धरतोस?" ती म्हणाली. शिवी देईल असं मला वाटलं होतं, द्यावी असंही वाटलं. पण ती पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होती. "ज्याचं त्याला दे. उभा राहा जरा. एवढ्यात येईल."

आम्ही उभे राहिलो. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

घरामागं केळीचं एक पान चरचरत कापलं गेलं.

बकरीनं चघळायचं थांबवून त्या बाजूला कान केले.