शेवटच्या गल्लीची मोजणी

विश्वास ठेवा अथवा नका ठेवू, मी तिथे स्वतः उभा होतो. गेल्या महिन्यातली, दिवेलागणीच्या वेळची गोष्ट.

मी आणि माझा मेव्हणा रस्त्यांची मोजणी करतो. कुठला रस्ता कुठे जोडतो, कुठला मध्येच संपतो, ते नकाशावर टाकायचं. शहराच्या कडेच्या नव्या वसाहती म्हणजे डोक्याला ताप. शेजारच्या घरी जायचं तरी द्राविडी प्राणायाम. ज्याने त्याने आपापली भिंत बांधली, रस्ता जोडायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

आमची एक पद्धत आहे. एकाने गल्लीच्या तोंडाशी थांबायचं, दुसऱ्याने आत जायचं. रस्ता संपला की त्याने ओरडायचं, "बंद!" मग बाहेरच्याने म्हणायचं, "ये."

शेवटची गल्ली वळणाची होती. मेव्हणा आत गेला, दिसेनासा झाला.

दोन्ही बाजूंची घरं अजून रिकामीच. एकाही खिडकीत दिवा नाही...

"बंद!" आवाज आला.

"ये," मी म्हणालो.

पावलं वाजली. तो आला. गाडीवर माझ्या मागे बसला.

आणि माझा फोन वाजला...

मेव्हण्याचा नंबर.

"दाजी, थांबा हं. रस्ता पुढे जातोच आहे."

मी आरशात पाहिलं. तो मागेच बसलेला. हात मांडीवर.

"अरे, तू तर बंद म्हणालास ना?"

"छे. मी अजून काहीच म्हटलं नाही."

फोन कट झाला.

माझी पाचावर धारण बसली. मी गाडी टाकून आत धावलो. वळणापलीकडे भिंत. उंच, अखंड. पुढे रस्ता नव्हताच.

"काय झालं, दाजी?" तो मागे येऊन उभा राहिला. "माझा फोन कुठेतरी पडला वाटतं."

मी काय करणार? त्याला घरी घेऊन आलो.

तो जेवतो, हसतो, कामावर येतो. फोन मात्र रोज संध्याकाळी यायचा. भीतीने मी उचलत नव्हतो.

काल बायकोने उचलला. बराच वेळ ऐकत राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "तो रडतोय हो. रस्ता संपतच नाही म्हणतोय. फोनवर आहे तोच माझा भाऊ आहे."

आज फोन आलेला नाही. अंधार पडला तरी बायको तो हातात घेऊन बसली आहे.

आत्ताच आतल्या खोलीतून त्याने विचारलं...

"ताई, कुणाच्या फोनची वाट बघतेस?"