नाव घातलेलं पातेलं

शाळेत रडणं बंद होऊन आता बरीच वर्षं झाली होती. प्रत्येक मुलाच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढी शमिका चिकटवलेली असे. मनात दुःखाची लहर उठली, की ती मेंदूपर्यंत पोचण्याआधीच शमिका तिला अलगद पुसून टाकी. मुलांना सगळं कळे, फक्त लागत नसे.

लेआबाई झिराडकर दर वर्षी नववीला ज्यूसंहाराच्या संग्रहालयात नेत. इकडे कोकणात त्यांच्या ज्यू पूर्वजांना कुणी घरादारातून उठवलं नव्हतं. म्हणूनच तिकडे युरोपात मारल्या गेलेल्यांची गोष्ट सांगणं आपल्या अंगावर आहे, असं त्या मानत. गेल्या वर्षी नाझी छावणीत सापडलेल्या भांड्यांच्या ढिगापुढे एका मुलाने शांतपणे विचारलं होतं, "बाई, यात नॉनस्टिक कुठलं?" तिथल्या म्हाताऱ्या मार्गदर्शक बाईंनी हात जोडले होते. "असली मुलं पुन्हा आणू नका हो."

यंदाची भेट उद्यावर आली होती. घर सोडायची वेळ आली तर काय न्याल, ते एक भांडं आणा, असं लेआबाईंनी वर्गाला सांगितलं होतं.

शार्दूल म्हात्रेने कुकर आणला होता. "बाई, शिट्टी घरी राहिली."

"मग बस उपाशी."

वर्ग हसला. हसू अजून शाबूत होतं.

"त्यांनाही सांगितलं होतं, नव्या गावी राहायला जायचंय," लेआबाई म्हणाल्या. "म्हणून बायकांनी पातेली बांधून घेतली. हरवू नयेत म्हणून पेट्यांवर नावं घातली. पेट्या राहिल्या, पातेली राहिली. माणसं मारून टाकली."

"परीक्षेला येईल का हे?" मागून कुणीतरी विचारलं.

लेआबाई उठल्या. त्यांनी दाराला कडी घातली. शमिका निघाली की कचेरीत लगेच इशाऱ्याची घंटा वाजणार, नोकरी जाणार, हे त्या जाणून होत्या.

"शमिका काढा."

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. एकट्या किमया ठोंबरेने, बाई म्हणाल्या म्हणून, ती काढून बाकावर ठेवली. तिच्या मांडीवर पितळी पातेलं होतं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: सौ. यमुना ठोंबरे. किमया त्यावरून बोट फिरवू लागली.

"पणजीचं आहे. ती गेली तेव्हा मी दुसरीत होते." बोट थांबलं. "बाई, घशात काहीतरी अडकलंय."

"पाणी पी," शार्दूल म्हणाला.

"पाण्याने नाही जात. मी आजारी पडले का?"

लेआबाईंनी तिला कुशीत घेतलं. आईची जात्यावरची ओवी नकळत ओठांवर आली:

*पातेलं घासलं गं, ठेवलं उंबऱ्याशी,*
*नाव राहिलं भांड्याला, माणूस कोणापाशी.*

किमयाला हुंदका फुटला. वर्ग कुतूहलाने बघत होता. दारावर थापा पडू लागल्या; मुख्याध्यापकांचा आवाज आला, "झिराडकरबाई, कडी काढा."

किमयाने शमिकेकडे पाहिलं, मग वर्गाकडे.

"बाई, उद्या तिथे खूप नावं असतील ना?" ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांसाठी रडायला मी एकटी कशी पुरणार?"