आईला लिहिलेलं पत्र

चष्म्याच्या दुकानाचा मालक खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. डोळ्यांत झोप नव्हती. दाढी मात्र गुळगुळीत केलेली.

"परवा अटकपूर्व जामिनाची सुनावणी," त्याचे वकीलसाहेब म्हणाले. "रक्तपेढीतल्या एका बाईंची तक्रार आहे. लग्नाचं वचन देऊन दोन वर्षं संबंध ठेवले आणि सहा महिन्यांपूर्वी हात झटकले."

वकीलसाहेबांनी शहानिशेसाठी बोलावलेल्या खाजगी तपासनीसबाईंनी वही उघडली. त्यांचे सहकारी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, कानावर अडकवलेलं पेन खिशात शोधत होते.

"लग्न मनापासून करायचं होतं आणि पुढे बिनसलं, तर तो गुन्हा नाही," वकीलसाहेब म्हणाले. "पण पहिल्यापासून मनातच नसेल, तर तिचा होकार फसवून घेतलेला ठरतो. सगळं इथेच अडलंय."

चष्मेवाल्याने एक पत्र पुढे केलं. तारीख अडीच वर्षांपूर्वीची. 'आई, मला एक मुलगी पसंत आहे. लग्न करीन तर तिच्याशीच.'

"फोन का नाही केलात?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"तेव्हा त्या बाईंच्या गावी चष्म्याच्याच दुकानात नोकरीला होतो. फोनवर धीर झाला नाही. आईने कळवलं, बघू. सहा महिन्यांपूर्वी साफ नाही म्हणाली. मी काय करणार?"

त्याची आई घरी शर्टाला बटण लावत होती. चष्मा नव्हता.

"पत्र आलं त्याच दिवशी वाचलं," ती म्हणाली. "खिडकीपाशी बसून, एका दमात."

"कोणी वाचून दाखवलं?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"छे! स्वतः वाचलं."

"नजर छान आहे तुमची."

"लेकाची कृपा. दोन्ही मोतीबिंदू त्यानेच काढवून घेतले, मागच्या थंडीत."

"त्याआधी दोन-तीन वर्षं मला भाऊ समजून हाक मारायची," चष्मेवाल्याची बहीण आतून म्हणाली. "वर्तमानपत्रही मीच वाचून दाखवायचे."

"सोन्यासारखा मुलगा," मास्तरांनी लिहून घेतलं.

तक्रारदार बाई तिच्या वकीलबाईंच्या संमतीने, त्यांच्यासमोरच भेटली. दुसऱ्याच कोणाचा रिपोर्ट वाचावा तशी बोलत होती.

"पहिल्याच महिन्यात म्हणाला, आईला सांगितलंय, ती खूश आहे. तेवढ्यावर मी हो म्हटलं. नाहीतर म्हटलं नसतं. शेवटी म्हणाला, आई नको म्हणते. मला त्यांना भेटू दे म्हटलं, तर तेही नाही."

बाहेर आल्यावर मास्तर डोकं खाजवत राहिले. "आई खूश होती, की बघू म्हणाली?"

"दोन्ही नाही," तपासनीसबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलसाहेबांच्या कचेरीत चष्मेवाला, त्याची आई, बहीण, सगळे जमले. पत्र टेबलावर होतं.

"हे परवा-तेरवा लिहिलेलं आहे," तपासनीसबाई म्हणाल्या.

"तारीख बघा ना!" चष्मेवाला म्हणाला.

"तारीख तुमच्या हातात होती, आईचे डोळे नव्हते. त्या म्हणतात, पत्र आलं त्याच दिवशी स्वतः वाचलं. पण तेव्हा त्यांना लेक आणि लेकीतला फरक दिसत नव्हता. ऑपरेशन झालं मागच्या थंडीत."

"मुलीने वाचून दाखवलं असेल," मास्तर म्हणाले.

"ताई, वाचलंत?"

"कुठलं पत्र?" बहिणीने विचारलं. "घरात पत्र आलंच नाही कधी."

"आणि ज्याचा धंदाच नजरेचा, तो न दिसणाऱ्या आईला पत्र कशाला लिहील? आम्हाला सांगितलं, आई बघू म्हणाली. तिला सांगितलं, आई खूश आहे. आजी, तुम्हाला त्याने कधी विचारलं होतं?"

म्हातारी पदराचं टोक चोळत राहिली. "चार दिवसांपूर्वी म्हणाला, विचारलं होतं असं सांग. पोटचा आहे. सांगितलं."

"म्हणजे पहिल्या महिन्यातली गोष्टच खोटी," तपासनीसबाई म्हणाल्या. "तिने होकार दिला तो त्याच गोष्टीवर."

वकीलसाहेबांनी पत्र फाइलमधून बाजूला काढलं. "हे मी कोर्टात देणार नाही. अर्ज करू, पण खऱ्या मुद्द्यांवर."

"लग्न करायचं होतं का तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

"विचार केला नाही," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज रडवेला नव्हता. कसलाच नव्हता.

सुनावणीत जामीन मिळाला, अटींसह: पासपोर्ट जमा, तपासाला हजेरी, तक्रारदाराशी संपर्क नाही. न्यायाधीशांनी बजावलं, हा फक्त अटकेपुरता दिलासा आहे. वचन खरं की खोटं ते खटल्यात ठरेल. पोलिसांना आईचा आणि बहिणीचा नवा जबाब हवा होता. दोघी तयार होत्या.

बाहेर बाकावर ती रक्तपेढीतली बाई बसली होती. वकीलसाहेब अडवेपर्यंत म्हातारी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पोरी, मला कोणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हटलं असतं."

बाईने वर पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"सहा महिने," ती म्हणाली, "मी तुमचा राग करत होते."