खाचेतला उंचवटा

नकाशातल्या एका खाचेत छोटासा उंचवटा दिसत होता. तो खरा अणू की नुसता भास, हे संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं.

तो काजळी तापाच्या जंतूतल्या एका प्रथिनाचा नकाशा होता. त्या खाचेत बसेल असं औषध बनवायला नागपूरचा गट थांबला होता. आकार चुकला, तर आजारी मुलांचं आणखी एक वर्ष वाया जाणार होतं.

"आजीनं वहीत शेवटी लिहिलंय ना, तिथे जस्ताचा अणू आहे म्हणून? मग पाठवा की, नाना," अकरा वर्षांची कृत्तिका आजोबांना म्हणाली.

या प्रथिनाचा स्फटिक (ज्यात अणू-रेणू ओळीनं, शिस्तीत रचलेले असतात असा खडा) आजीनं, म्हणजे वत्सलानं, चौदा महिने खपून वाढवला होता. तसा दुसरा कुणालाच जमला नाही. क्ष-किरणांच्या माऱ्यानं तो मध्येच खराब झाला. त्यानंतर महिन्याभरात आजी गेली.

नाना म्हणाले, "क्ष-किरण स्फटिकातून गेले की ठिपके उमटतात. त्यांवरून इलेक्ट्रॉन घनता (कुठे किती इलेक्ट्रॉन दाटलेत ते) काढायची. जिथे दाटी, तिथे अणू. पण आपले बरेच ठिपके मोजायचेच राहिले."

"मग त्यांच्या जागी काय भरलं?"

"शून्य," यंत्रमानव गणू म्हणाला. "मला कुणी विचारलं नव्हतं."

"आताही विचारलेलं नाही," नाना म्हणाले.

"पण मी गैरहजर असले तर बाई मला शून्य देत नाहीत," कृत्तिका म्हणाली. " पुन्हा परीक्षा घेतात."

नाना तिच्याकडे वळले. "खरंय. मोजलं नाही म्हणजे शून्य नव्हे. अशा शून्यांमुळे नकाशावर खोट्या लाटा उठतात. पण इथे पुन्हा परीक्षा नाही, बाळ. स्फटिकच उरला नाही."

मग त्यांनी विचारलं, "तीन झाकलेले डबे. मिळून बारा लाडू. प्रत्येकात किती?"

"चार-चार. एकात जास्त म्हणायला कारणच नाही."

"पहिला उघडला. दोनच निघाले."

"मग उरलेल्यांत पाच-पाच."

"हीच कमाल एन्ट्रॉपी पद्धत (जेवढं माहीत आहे तेवढं पाळायचं, बाकी आपल्या मनाचं काही घालायचं नाही). मोजलेल्या ठिपक्यांशी जुळणारे नकाशे पुष्कळ असतात. त्यांतला सर्वांत सपाट घ्यायचा. त्यातही जो उंचवटा उरेल, त्याच्यामागे पुरावा असतो."

"मग आधीच का नाही केलं?"

"तिचं शेवटचं वाक्य खोटं ठरलं तर?"

"आजीची चूक काढली की ती काय करायची?"

"खुर्ची पुढे ओढायची. म्हणायची, बस, दाखव." नाना गणूकडे वळले. "कर सुरू."

पडद्यावरच्या सपाट नकाशात एकेक अणू वर येत गेला. खाच मात्र रिकामीच राहिली.

"पुन्हा कर," नाना म्हणाले.

पुन्हाही रिकामी.

"जस्ताचा अणू जड असतो," ते हळूच म्हणाले. "तिथे असता, तर मोजलेल्या ठिपक्यांनीच त्याला वर आणलं असतं."

त्यांनी नागपूरला लिहिलं: 'वत्सलाचा अंदाज चुकला. जस्त नाही. खाच मोकळी आहे.'

उत्तर लगेच आलं. 'मोकळी? मग औषध थेट आत बसेल! आजच कामाला लागतो. नकाशावर नाव कुणाचं घालू?'

नानांनी चष्मा पुसला आणि टाइप केलं: 'आधी तिचं. स्फटिक तिचा आहे.'