फटफटीची मागची सीट

घे रे बाबा, घे मोठी गाडी! मी कुठं नको म्हणतो? रोज नायगावहून वरळीला कामाला जायचं, वाटेत चार सिग्नल नि चाळीस खड्डे, आणि साहेबांना हवी पाचशे सीसी. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काय उगाच? पण तुझ्याआधी आपल्याच चाळीत एकानं हा शहाणपणा केलेला आहे. लाईट गेलीच आहे, तर बसा सगळे. मधे बोलायचं नाही. बोललात तर मी उठून झोपायला जाईन.

जयवंत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. माझगावला गोदीच्या बाजूला बोटी दुरुस्त करायचा एक कारखाना होता, तिथं फिटर. साल सत्तावन्न. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा सभा. आम्ही सगळे त्यात होतो, जयवंतही होता. पण मोर्चा निघाला की ट्राम जागच्या जागी उभी राहायची, आणि कारखान्याचं गेट कुणासाठी उभं राहत नव्हतं. त्याला नव्या वर्षात कायम करणार होते. अट एकच, तीन लेट मार्क पडता कामा नयेत. एक पडून चुकला होता. तीन झाले की पुन्हा बदली कामगार, म्हणजे रोज गेटाबाहेर उभं राहायचं आणि मुकादमानं बोट दाखवलं तर आत जायचं. त्याच्या बापाचा, रामजीबाबाचा, सगळा जन्म असा गेटाबाहेर गेला. कायम होणं ही जयवंताला जिवापलीकडची गोष्ट होती.

म्हणून तो गेला चिंचपोकळीला, कुशाबा मिस्त्रीकडे, जुनी फटफटी बघायला. तिथं दोन होत्या. एक सव्वाशेची, बारकी. दुसरी पाचशेची, लढाईतली मिलिटरीची, हिरवा रंग उडालेली.

कुशाबा म्हणाला, "जयवंता, बारकी ने. गर्दीतून मांजरासारखी निघेल. चार मैलांसाठी ही म्हैस कशाला पोसतोस?"

पण ह्याचे डोळे मोठीवर. "मिस्त्री, आमच्या घरात आजवर कुणी मोठं काही घेतलंच नाही. मी घेणार."

ती होती माझगावच्या पास्कू फोरमनची. तिला मागची सीट नव्हती. मडगार्डवर चार बोल्टांची भोकं तेवढी उघडी होती.

आणि मग सुरू झाले हाल! ट्रामच्या मागे, बैलगाडीच्या मागे हळू चालवली की तापून लाल. क्लच दाबून डावा हात सुजला. किक मारावी तर उलट नडगीवर बसायची. एकदा पुढचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं आणि लालबागच्या भर बाजारात स्वारी आडवी. तुळसा, त्याची बायको, गॅलरीतून विचारायची, "अहो, ही तुम्हाला नेते की तुम्ही तिला नेता?" हा चडफडायचा, पण म्हणायचा, गाडी चांगलीच आहे, रस्ते वाईट आहेत. घेतलेल्या वस्तूला नावं ठेवायची म्हणजे आपल्या अकलेलाच नावं ठेवणं ना!

शेजारची राधाबाई लिंबू-मिरची घेऊन आली. जयवंतानं हात जोडले. "काकू, दीक्षा घेतलीय आम्ही. देव सोडले, आता लिंबाच्या पाया पडू?"

सहा डिसेंबरला बाबासाहेबांना जाऊन वर्ष होत होतं. तुळसाला घेऊन दादरच्या चौपाटीवर जायचं, म्हणून त्यानं आदल्या दिवशी मागे नवी सीट बसवली. दोघं जाऊन आली. गाडी सुरळीत चालली.

घोळ झाला त्याच रात्री. अकराच्या पाळीला एकटाच निघालेला. लालबागच्या नाक्यावर गाडी मागून एकदम दबली, कुणी डबल सीट बसल्यासारखी. आणि बंद. वीस किका मारल्या. नाही. चिडून घरी ढकलत न्यावी म्हणून तोंड परळकडे वळवलं, तर एका किकेत सुरू! पुन्हा माझगावकडे वळवली, बंद. दुसरा लेट मार्क पडला.

कुशाबानं प्लग बदलला, मॅग्नेटो उघडला, कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून काढला. दर रात्री तोच नाका आणि तेच सोंग. अखेर जयवंत नऊलाच घर सोडायला लागला. नाक्यावर उतरायचं आणि ते मेलेलं धूड भायखळ्यापर्यंत ढकलत न्यायचं, मगच ते सुरू व्हायचं. घाम, शिव्या, वर लोकांचं हसणं. वेळेवर पोचायला घेतलेली फटफटी, आणि चालत गेला असता तर लवकर पोचला असता!

शेवटी तो पास्कूच्या घरी गेला. "पास्कूमामा, खरं सांगा. गाडीत खोट काय आहे?"

म्हाताऱ्यानं विचारलं, "मागे सीट लावली?"

"लावली."

पास्कूनं उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला, "छप्पनच्या जानेवारीत लालबागला गोळीबार झाला, त्या दिवशी मी घरी येत होतो. एक पोरगा धावत आला नि मागे बसला. पोट धरून होता. म्हणाला, काका, परळला, हॉस्पिटलात न्या. समोर पोलीस होते रे... मी घाबरलो. उतरवला त्याला. रस्त्यावरच. आणि इकडे आलो. सीट मी समुद्रात टाकली."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही."

जयवंत भडकला. "माणूस रस्त्यात टाकलात, आणि वर मला भुताची गोष्ट सांगता?" तो तरातरा निघून आला. खरं तर सीट काढली असती तर काम भागलं असतं. पण सीट काढायची म्हणजे भूत आहे असं कबूल करायचं. ते तो मेला तरी करणार नव्हता. अडला तो तिथं.

आता नीट ऐका. एकोणीस डिसेंबर, गुरुवार. अमावस्येला दोन दिवस होते. दिवसभर ताप अंगात, म्हणून उठायला उशीर झाला. सभेमुळे ट्रामही बंद. दहा वीसला तो निघाला. गाडी पळाली असती तर वेळ भरपूर होता. ढकलत न्यायला मात्र नव्हता.

साडेदहा. लालबागचा नाका. दुकानं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

गाडी मागून दबली.

बंद.

किक. किक. किक. नडगीतून रक्त आलं. जयवंत ओरडला, "अगं चाल ना! माझं वाटोळं करायला आलीयस का?" त्याला रडू फुटलं. बाप आठवला, गेटाबाहेर उकिडवा बसलेला.

मग त्यानं पाना काढला. भूत असो नाही तर भुताचा बाप, जाऊ दे अभिमान खड्ड्यात! चार बोल्ट. दोन मिनिटांचं काम.

पहिला बोल्ट. अर्धा आटा फिरला...

सीट थरथरली.

त्यानं हात काढला. वारा नव्हता. इंजिन बंद होतं. सीटच्या स्प्रिंगा दबलेल्या... आणि थरथरत होत्या. पुन्हा कुणी उतरवणार म्हणून अंग चोरून बसावं, तशा.

जयवंत तिथंच उभा राहिला. कारखान्याचं गेट माझगावकडे. हॉस्पिटल परळकडे. घड्याळात दहा चाळीस.

त्यानं बोल्ट परत आवळला. पाना खिशात टाकला. गाडीवर बसला. मागे बघितलं नाही.

"नीट बस," तो म्हणाला. "मला धर."

काही नाही...

काही नाही...

मग पाठीवर सदरा ओढला गेला. दोन्ही बाजूंनी. मुठीत धरल्यासारखा.

एक किक.

गाडी सुरू झाली.

परळ. रिकामा रस्ता. मानेवर श्वास. तुटक. मधेच थांबायचा... मग पुन्हा. जयवंत सारखा म्हणत होता, "आलंच. आलंच रे."

हॉस्पिटलचं फाटक. पोर्च. पिवळा दिवा. तो खाली उतरला नाही. इंजिनही बंद केलं नाही. स्प्रिंगा करकरल्या.

सदरा सुटला.

गाडी हलकी झाली.

त्यानं ती गरकन वळवली आणि माझगावकडे जी सोडली, ती नाक्यावर थांबली नाही, कुठंच थांबली नाही. पोचला तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पाच मिनिटं! गेट बंद. पहारेकऱ्याच्या पाया पडला, आतल्या कामगारांना हाका मारल्या. कुणी ऐकलं नाही. तिसरा लेट मार्क.

कायम झाला नाही तो. पुढं दोन वर्षं बदलीवर काढली. गंमत बघा, फटफटी त्या रात्रीपासून अशी चालली की कधी एकदा खोकली नाही. तिच्यावर बसून हा रोज अर्धा तास आधी जायचा आणि गेटाबाहेर उभा राहायचा. चिडायचा, स्वतःला शिव्या घालायचा. म्हणायचा, "ताप होता मला. भासावर नोकरी घालवली मी, माझ्यासारखा गाढव मीच." त्याला सगळ्यात जास्त राग स्वतःचाच होता.

महिनाभरानं मी आईला घेऊन त्या हॉस्पिटलात गेलो. खिडकीवरच्या कारकुनानं पत्ता विचारला आणि म्हणाला, "तुमच्या चाळीत जयवंत कोण? गाडीवरून पेशंट आणला, आणि सही न करता पळाला. पेशंट पण सापडेना." मी जयवंताला घेऊन परत गेलो. कारकुनानं रजिस्टर उघडून ठेवलं. ही ह्या डोळ्यांनी वाचलेली ओळ आहे. एकोणीस डिसेंबर, रात्री दहा पन्नास. आनंदा विठोबा, वय सतरा. पोटात गोळी.

जयवंत म्हणाला, "मी आत आलोच नव्हतो. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पेशंटनंच. तो बोलला तसं मी लिहिलं."

पुढच्या रकान्यात पेशंटला आणणाऱ्याचं नाव होतं, जयवंत रामजी, नायगाव, आणि आपल्याच चाळीचा पत्ता. त्याच्यापुढे नातं. तिथं लिहिलं होतं, भाऊ.