माप नसलेला फोटो

हे खरं घडलेलं आहे. खोटंच रचायचं असतं, तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

मी एका कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक आहे. नळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्या भरणं, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करणं. माझ्या उजव्या अंगठ्यावर आम्लाने भाजल्याचा पांढरा डाग आहे, वीस वर्षांपूर्वीचा. तो पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

फावल्या वेळात मी फोनवर 'का आणि कसं' नावाचा ग्रुप चालवतो. दोनशे बारा माणसं. चंद्र क्षितिजाजवळ मोठा का दिसतो, मधमाशीला घरचा रस्ता कसा कळतो, जुनं खापर कसं ओळखायचं, असल्या गप्पा. कुणी काही दावा केला की मी एकच शब्द टाकायचो, "पुरावा?" लोक हसायचे. मला ते फार आवडायचं.

आणि एक नियम होता. सापडलेल्या वस्तूच्या फोटोत शेजारी माप हवं. पट्टी, नाणं, निदान पेनाचं टोपण. माप नसलेला फोटो मी काढून टाकायचो. तीनदा चूक केली की ग्रुपबाहेर.

मापाची ही सवय मला लावली होती दादाने.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाला आणि ओढ्याकाठी खापरं शोधत फिरू लागला. खिशात कायम स्टीलची छोटी पट्टी. तिच्यावरचा चारचा आकडा घासून घासून गेलेला.

दोन वर्षांपूर्वी त्याने ग्रुपवर एका काळ्या खापराचा फोटो टाकला. "फार जुनं असावं, हजारो वर्षांचं," असं लिहिलं.

मी लिहिलं, "दादा, ही कुंडी आहे. मागच्या वर्षी कुणाच्या तरी गच्चीवरून पडली असावी."

सगळा ग्रुप खो-खो हसला. सख्ख्या भावाचा चारचौघांत पाणउतारा केला, आणि दिवसभर मी किती जण हसले ते बघत बसलो.

त्यानंतर दादाने मला कधीच फोन केला नाही. मीही केला नाही. ग्रुप मात्र त्याने सोडला नाही. आठवड्याला एक फोटो यायचा, शेजारी पट्टी अगदी सरळ ठेवलेली.

मग तो बुधवार आला.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोटो आला. सगळा तपकिरी अंधार, आणि वरच्या बाजूला एक पांढरी फट. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. माप नाही.

मी काढून टाकला.

चार वाजून तेरा मिनिटांनी पुन्हा तोच फोटो...

मी काढून टाकला आणि लिहिलं, "शनीची कडी का, दादा?" लगेच हसरे चेहरे आले.

चार एकवीसला तिसऱ्यांदा...

तिसऱ्यांदा काढला, आणि दादालाही ग्रुपमधून काढलं. नियम म्हणजे नियम, असंही लिहिलं वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा सापडला. ओढ्याच्या उंच काठाखाली खापरासाठी खणत आत शिरला होता. वरची दरड बसली. छातीपर्यंत माती, आणि डोक्यावर आकाशाची एक फट. फोनची काच फुटलेली. टाईप होत नसणार, फोनही लावता येत नसणार; ग्रुप उघडाच असणार, म्हणून फोटो तेवढे जात होते.

डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी सातपर्यंत तरी जिवंत असावेत."

तो ओढा माझ्या कॉलेजपासून गाडीवर वीस मिनिटांवर आहे.

ज्या माणसाने जन्मात मापाशिवाय फोटो काढला नाही, त्याने एकापाठोपाठ तीन टाकले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच.

वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, यांनी त्या दिवशी तुम्हाला काही पाठवलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. आमचं बोलणं कुठे होतं?"

ती म्हणाली, "यांची पट्टी तेवढी सापडली नाही. सगळी माती चाळली लोकांनी."

दीड महिना गेला. पुन्हा एक बुधवार होता. प्रयोगशाळेत मी एकटाच नळ्या पुसत होतो. चार दहाला फोन थरथरला.

ग्रुपवर एकच ओळ होती. 'तुम्ही हा मेसेज काढून टाकला.'

मी काहीच काढलं नव्हतं. माझे हात ओले होते.

चार तेराला पुन्हा तीच ओळ. चार एकवीसला पुन्हा...

आणि मागे कुठेतरी, टेबलांच्या रांगांमध्ये, फरशीवर पातळ स्टील पडल्यासारखा आवाज झाला. मी खाली वाकून प्रत्येक टेबलाखाली पाहिलं. काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

आठव्या दिवशी ग्रुपमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचा मला वेगळा मेसेज आला. ग्रहणांचं वेड असल्यामुळे आम्ही सगळे त्यांना ग्रहणबाईच म्हणतो.

"दादांच्या फोनवरून जुने फोटो टाकताय ना तुम्ही? बरं वाटतं बघून. पण रोज तोच का?"

मी लगेच ग्रुपची यादी उघडली. दादा यादीत नव्हता. मीच काढला होता ना.

"बाई, मला दिसत नाहीये. पाठवता का?"

त्यांनी पाठवला. माझ्या फोनवर उमटलं... 'तुम्ही हा मेसेज काढून टाकला.'

मग मी त्यांना म्हटलं, काय दिसतंय ते लिहून तरी सांगा. त्या शिक्षिका आहेत, नीट सांगतात.

"सगळीकडे माती. वर उजेडाची फट. बाजूला स्टीलची पट्टी, चारचा आकडा गेलेला. आणि रोज तोच म्हटलं खरं, पण तोच नाहीये. फट बारीक होतेय. पट्टीवर बघून सांगते, पहिल्या दिवशी सात सेंटिमीटर होती. आज तीन."

मग त्यांचा आणखी एक मेसेज आला.

"पट्टी धरलेला अंगठा आज पहिल्यांदा दिसतोय. दादांना कधी भाजलं होतं का हो? पांढरा डाग आहे."

मी अंगठा मुठीत लपवला. रिकाम्या खोलीत, कुणापासून ते माहीत नाही.

वहिनीकडे दोनदा गेलो. सगळं सांगून मोकळं व्हायचं ठरवून गेलो. दोन्ही वेळा तिने पाणी दिलं, दादाची खापरं पुसून मांडून ठेवलेली दाखवली, आणि मी पाणी पिऊन परत आलो. इथे अनोळखी लोकांना सांगतोय, तिला नाही. एवढीच माझी हिंमत.

काल फट अर्धा सेंटिमीटर होती.

काल चार एकवीसनंतर मी ग्रुपवर लिहिलं, "हे फोटो मी टाकत नाहीये. दादाच्या शेवटच्या दिवशीही असेच फोटो आले होते, मी काढून टाकले. माझ्या बाबतीत काहीतरी होणार आहे. थट्टा नाही. मला मदत हवी आहे."

फोन टेबलावर ठेवून मी बघत बसलो.

मग एक हसरा चेहरा आला. मग दहा-बारा. कुणीतरी लिहिलं, "शनीची कडी का, साहेब?"

आणि सगळ्यात शेवटी ग्रहणबाईंचा एकच शब्द आला.

"पुरावा?"

आत्ता चार वाजून पाच मिनिटं झाली आहेत. प्रयोगशाळेच्या खिडक्या सताड उघड्या आहेत, बाहेर लख्ख ऊन आहे. तरी मघापासून ओल्या मातीचा वास येतोय.